एवढे हुशार नाहीत ते

कार कंपन्यांबद्दल एक थिअरी फिरत असते, सांगणारा अर्धवट चेष्टेत सांगतो आणि ऐकणारा पूर्ण गंभीरपणे घेतो. ती साधारण अशी. बीएमडब्ल्यूने १९९४ साली ब्रिटनची रोव्हर कंपनी घेतली ती चालवायला नाही, आतून संपवायला. तेव्हाचा बीएमडब्ल्यूचा प्रमुख बर्न्ड पिशेट्सरीडर, त्याने रोव्हर बुडवली, मग १९९८ मध्ये रोल्स-रॉइसच्या सौद्यात फोक्सवॅगनला असं गंडवलं की कारखाना त्यांच्या गळ्यात आणि नाव बीएमडब्ल्यूकडे, आणि हाच माणूस २००२ ला फोक्सवॅगनचाच प्रमुख होऊन बसला! म्हणजे बीएमडब्ल्यूने पेरलेला माणूस. तो तिथे असतानाच २००५ मध्ये छोट्याशा पोर्शेने अवाढव्य फोक्सवॅगनचे शेअर घ्यायला सुरुवात केली, चार वर्षांत कोण कुणाला गिळतोय याची अदलाबदल झाली, आणि आज बघाल तर फोक्सवॅगनमधली निम्म्याहून जास्त मतं पोर्शे आणि पिएश या एकाच खानदानाच्या हातात. ठिपके जोडा, चित्र तयार.

यातली नावं बरोबर आहेत, सालं बरोबर आहेत, म्हणूनच ती लोकांना पटते. आणि चेष्टेत सांगितली तर काय बिघडलं असं वाटू शकतं. माझ्या मते बरंच बिघडतं. थिअरी खोटी आहे हा त्यातला छोटा भाग झाला, मला जास्त खटकतं ते हे की ती या कंपन्यांच्या प्रमुखांना फुकटात हुशार ठरवते. ज्या माणसाने हजारो लोकांच्या पोटावर पाय दिला, भलताच जुगार खेळला, ज्याला आपण काय विकत घेतोय हेच नीट कळलं नव्हतं, त्याला आपण बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर करून टाकतो, आणि एकदा तो ग्रँडमास्टर झाला की मग त्याला जाब कोण विचारणार, त्याचा पराभवसुद्धा चालच वाटायला लागतो.

रोव्हरचंच घ्या. बीएमडब्ल्यूने तिच्यासाठी सुमारे ८० कोटी पौंड मोजले, आणि त्यानंतर सहा वर्षं तिच्यात पैसा ओतत राहिले. तोटा इतका वाढला की फेब्रुवारी १९९९ मध्ये बोर्डाच्या बैठकीत पिशेट्सरीडरलाच जावं लागलं. २००० मध्ये लँड रोव्हर फोर्डला विकली, मिनी स्वतःकडे ठेवली, आणि उरलेली रोव्हर चार ब्रिटिश उद्योजकांच्या फिनिक्स नावाच्या गटाला १० पौंडांना दिली, वर ४० कोटी पौंडांहून जास्त बिनव्याजी कर्जही दिलं. स्पर्धकाला मारायला कुणी एवढे पैसे घालतं का? आणि मारायचंच होतं तर स्वतःच्या प्रमुखाची खुर्ची का घालवली? सरळ उत्तर हे की त्यांना छोट्या गाड्यांच्या बाजारात लवकर शिरायचं होतं, लँड रोव्हर हवी होती, आणि जुना कारखाना, वेगळ्या पद्धतीने काम करणारी माणसं, महाग होत गेलेला पौंड हे सगळं आपण निभावून नेऊ असा त्यांचा फाजील आत्मविश्वास होता.

पण खरा राग यायला हवा तो पुढच्या भागाचा, आणि थिअरीत तो भागच नाही. एप्रिल २००५ मध्ये फिनिक्सकडची ती रोव्हर, आता नाव एमजी रोव्हर, बसली, लाँगब्रिजच्या कारखान्यातल्या सुमारे ६,००० लोकांचं काम गेलं. सरकारने चौकशी लावली, २००९ मध्ये अहवाल आला. त्यात लिहिलंय की कंपनी घसरत असताना फिनिक्सच्या चौघांनी आणि त्यांच्या मुख्य अधिकाऱ्याने मिळून पगार-पेन्शनमध्ये सुमारे ४ कोटी २० लाख पौंड घेतले. चौकशी जाहीर झाल्यावर लगेच एका संचालकाने कॉम्प्युटरवरचे पुरावे पुसणारं सॉफ्टवेअर विकत आणून चालवलं, हेही त्याच अहवालात आहे. हे छापील आहे, सरकारी आहे, कुणालाही वाचता येतं. पण 'बीएमडब्ल्यूने मारलं' ही गोष्ट इतकी गुळगुळीत बसते की हा अहवाल उघडायची गरजच कुणाला वाटत नाही. त्या चौघांच्या दृष्टीने याहून सोयीची थिअरी दुसरी असू शकत नाही.

रोल्स-रॉइसची गोष्ट तर आणखी साधी आहे. मूळ रोल्स-रॉइस १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली, नंतर कारचा धंदा आणि विमानाच्या इंजिनांचा धंदा वेगळे झाले, आणि नावाचा हक्क राहिला इंजिनवाल्यांकडे. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड देऊन कारची कंपनी घेतली, क्रू गावातला कारखाना आला, बेंटली आली, बॉनेटवरची ती पंखवाली मूर्ती आली, पण नाव आलं नाही. ते बीएमडब्ल्यूने इंजिन कंपनीकडून फक्त ४ कोटी पौंडांत मिळवलं, कारण इंजिनांच्या धंद्यात त्यांची आधीपासून भागीदारी होती. शेवटी तडजोड झाली, २००२ अखेरपर्यंत फोक्सवॅगनने दोन्ही गाड्या बनवायच्या आणि २००३ पासून रोल्स-रॉइस बीएमडब्ल्यूची. म्हणजे झालं काय, तर एका बाजूने जुना करार नीट वाचला होता आणि दुसऱ्या बाजूने बोली जिंकायच्या नादात त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. आणि नंतर फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पिएश काय म्हणाले, तर आपल्याला मुळात बेंटलीच हवी होती. बघा, फसलेल्या सौद्याला 'ठरवूनच केलं होतं' असं रूप द्यायची हौस आधी त्यांनाच असते, आपण बाहेरचे लोक त्यांचं काम पुढे चालू ठेवतो.

आता पोर्शे आणि फोक्सवॅगन. हे प्रकरण जरा सावकाश बघायला पाहिजे, कारण यात खरोखर लपवाछपवी होती, आणि ती कुठे होती हे थिअरीवाल्यांना अजिबात सापडत नाही.

पोर्शेचे प्रमुख होते व्हेंडेलिन वीडेकिंग. १९९० च्या दशकात बुडायला आलेली कंपनी त्यांनी वर काढली, हे श्रेय त्यांचंच. २००५ पासून ते फोक्सवॅगनचे शेअर जमवायला लागले. उघडपणे घेतलेले शेअर सगळ्यांना दिसत होते. न दिसणारे होते ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावावर शेअरचा हक्क देणारे करार, आणि तेही अशा प्रकारचे की शेवटी शेअर हातात यायचे नाहीत, फक्त भावातल्या फरकाचे पैसे मिळायचे. जर्मनीच्या तेव्हाच्या कायद्यात असे ऑप्शन जाहीर करायचं बंधन नव्हतं. पण ज्या बँका असे ऑप्शन विकतात त्या स्वतःचा धोका टाळायला तेवढे शेअर आपल्याकडे घेऊन ठेवतात, म्हणजे कागदावर पोर्शेकडे शेअर नाहीत पण बाजारातून ते गायब होत चाललेत. २६ ऑक्टोबर २००८, रविवार, पोर्शेने जाहीर केलं की ४२.६ टक्के शेअर हातात आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांचे ऑप्शन आहेत. बेरीज ७४.१. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्य सरकारकडे २० टक्क्यांहून थोडे जास्त, ते विकणार नव्हतेच. म्हणजे बाजारात उरले सहा टक्क्यांहूनही कमी, आणि भाव पडणार म्हणून उसने शेअर विकून बसलेल्या लोकांना परत द्यायला लागणारे शेअर त्याहून कितीतरी जास्त! सोमवारी-मंगळवारी जी पळापळ झाली तिच्यात सुमारे २१० युरोचा शेअर हजाराच्या वर गेला आणि थोड्या वेळापुरती फोक्सवॅगन जगातली सगळ्यात महागडी कंपनी झाली. मंदीने जग कोसळत असताना एक कार कंपनी.

पोर्शेचा जुलै २००८ ला संपलेल्या आर्थिक वर्षातला करपूर्व नफा होता सुमारे ८.६ अब्ज युरो आणि गाड्यांची एकूण विक्री सुमारे ७.५ अब्ज. नफा विक्रीपेक्षा मोठा. कार बनवणाऱ्या कंपनीचा हिशोब असा दिसतो तेव्हा ती कार कंपनी राहिलेली नसते हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही, आणि तरीही त्या वेळी वीडेकिंगला जीनियस म्हणणारे लोक होतेच. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काय झालं? मंदीत बँकांनी हात आखडले, पोर्शेवर सुमारे १० अब्ज युरोचं कर्ज, लोअर सॅक्सनीचा मोठे निर्णय अडवण्याचा नकाराधिकार तसाच, फोक्सवॅगनच्या तिजोरीतला पैसा हाताशी येणार हे गणित फसलं. जुलै २००९ मध्ये वीडेकिंग गेले, जाताना ५ कोटी युरो मिळाले. डिसेंबर २००९ मध्ये फोक्सवॅगनने पोर्शेच्या कार धंद्याचा ४९.९ टक्के हिस्सा घेतला, २०१२ मध्ये उरलेला. बाजाराला फसवल्याच्या आरोपातून वीडेकिंग आणि त्यांचे अर्थप्रमुख २०१६ मध्ये निर्दोष सुटले.

थिअरी म्हणते हा पिएश यांचा सापळा होता, ते एकीकडे फोक्सवॅगनच्या देखरेख मंडळाचे अध्यक्ष आणि दुसरीकडे पोर्शेच्या मालक कुटुंबातले. हितसंबंधांची गुंतागुंत होती यात शंकाच नाही आणि ती आक्षेपार्हच होती. पण त्यासाठी लेहमन बँक बुडणार, कर्ज महागणार, गाड्यांची विक्री पडणार हे सगळं आधी माहीत असायला हवं. ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रश्न सापळ्याचा नव्हताच, प्रश्न कायद्यातल्या एका भोकाचा होता, ज्यातून एक कंपनी दुसऱ्या कंपनीचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा कुणालाही न सांगता बाजूला करू शकत होती. जर्मनीने ते भोक बुजवणारा नियम २०१२ पासून लागू केला. पण असल्या नियमावर ठिपके जोडणारं कुणी बोलत नाही, कारण त्यात खलनायक नाही.

मग स्पर्धक कंपन्या कधी मिळून कट करतच नाहीत का? करतात, आणि पकडलेही जातात. म्हणूनच मला या गमतीच्या थिअऱ्यांचा जास्त राग येतो, कारण खरे कट कसे दिसतात हे लोकांना ओळखूच येईनासं होतं. खरे कट रटाळ असतात. युरोपियन कमिशनने जुलै २०१६ मध्ये ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांना २.९३ अब्ज युरो दंड केला, डाइम्लर, व्हॉल्वो-रेनो, इव्हेको, डीएएफ या सगळ्या, १९९७ ते २०११ अशी १४ वर्षं या मंडळींनी ट्रकच्या किमती आणि प्रदूषण कमी करणाऱ्या तंत्राचा खर्च ग्राहकावर कसा आणि कधी टाकायचा हे एकमेकांत ठरवलं होतं. मान ही कंपनीही त्यात होती पण तिला दंड शून्य, कारण कमिशनकडे आधी जाऊन तिनेच सगळं सांगितलं.

त्याच कमिशनचा २०२१ मधला निकाल तर मला फार महत्त्वाचा वाटतो. बीएमडब्ल्यू, डाइम्लर, फोक्सवॅगन, ऑडी, पोर्शे या पाच जणांच्या तांत्रिक बैठका व्हायच्या. डिझेल गाडीच्या धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला युरियाचं पाणी फवारतात, त्याला ॲडब्लू म्हणतात, त्याची वेगळी टाकी असते. टाकी मोठी असली तर जास्त फवारता येतं, धूर जास्त स्वच्छ होतो, पण जागा जाते, वजन वाढतं. या पाच जणांनी मिळून टाकी किती लिटरची ठेवायची, ती भरल्यावर गाडी किती किलोमीटर जायला हवी याची एकमेकांना कल्पना देऊन टाकली, म्हणजे कायद्याने लागतं त्यापेक्षा चांगली सफाई करून कुणी दुसऱ्याच्या पुढे जाणार नाही याची सगळ्यांना खात्री. २००९ ते २०१४ हे चाललं. फोक्सवॅगन गट आणि बीएमडब्ल्यूला मिळून ८७.५ कोटी युरो दंड झाला, आणि डाइम्लर सुटली, इथेही कारण तेच, आधी जाऊन सांगितलं.

टाकीचे लिटर. एवढ्याशा गोष्टीचा कट, आणि परिणाम मात्र रस्त्यावर श्वास घेणाऱ्या प्रत्येकाच्या छातीत. कुणी कुणाला गिळलं नाही, माणूस पेरला नाही, फक्त पाच कंपन्यांनी मिळून चांगलं न करण्याचं ठरवलं. यापेक्षा भयंकर काय असतं? आणि दोन्ही वेळा कट फुटला तो आतल्याच एकाने स्वतःचं कातडं वाचवलं म्हणून, कारण कायद्यात पहिल्या सांगणाऱ्याला माफी आहे. पाच-सहा कंपन्यांना दंडाच्या भीतीपुढे एकमेकांवर भरवसा ठेवता आला नाही, आणि थिअरीप्रमाणे बीएमडब्ल्यू, पोर्शे, फोक्सवॅगनमधली शेकडो माणसं पंधरा-वीस वर्षं एकच गुपित पोटात ठेवून बसली होती!

पेरलेल्या माणसाचं खरं उदाहरणही आहे, तेही याच फोक्सवॅगनमध्ये, पण तो पेरलेला नव्हता, फोडलेला होता. होसे इग्नासिओ लोपेझ, जनरल मोटर्सचे खरेदी प्रमुख, सुट्या भागांच्या पुरवठादारांकडून भाव पाडून घेण्यात पटाईत. १९९३ मध्ये ते फोक्सवॅगनकडे गेले आणि जनरल मोटर्सने आरोप केला की जाताना खोकीच्या खोकी भरून गोपनीय कागद नेले. चार वर्षं भांडण चाललं, १९९६ च्या अखेरीस लोपेझना राजीनामा द्यावा लागला, जानेवारी १९९७ मध्ये तडजोड झाली, फोक्सवॅगनने १० कोटी डॉलर दिले आणि सात वर्षांत १ अब्ज डॉलरचे सुटे भाग जनरल मोटर्सकडून घ्यायचं कबूल केलं. आरोप होता तो किमतींच्या याद्यांसारख्या कागदांच्या चोरीचा.

आपल्याकडे सगळ्यात लाडकी गोष्ट बदल्याची. १९९९ मध्ये टाटांची माणसं कार धंदा फोर्डला विकायला डेट्रॉइटला गेली, तिथे त्यांना अपमानास्पद बोलणं ऐकावं लागलं, आणि २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडूनच जॅग्वार आणि लँड रोव्हर घेऊन हिशोब चुकता केला. डेट्रॉइटचा प्रसंग टाटांच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलेला आहे, तो खोटा म्हणायचं कारण नाही. पण बदला? फोर्डला २००६ या एका वर्षात साडेबारा अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला होता, कारखान्यांपासून स्वतःच्या निळ्या लोगोपर्यंत सगळं गहाण टाकून त्यांनी कर्ज उचललं होतं, ॲस्टन मार्टिन विकली, पुढे व्हॉल्वो विकली, मधे या दोन. टाटांनी २.३ अब्ज डॉलर दिले, जूनमध्ये सौदा पूर्ण झाला आणि सप्टेंबरमध्ये जगाचा बाजार कोसळला. त्या वर्षी टाटा मोटर्सचा एकत्रित तोटा २,५०० कोटी रुपयांच्या वर गेला. कंपनी वाचली ती ब्रिटनमधल्या कामगारांनी पगारवाढ सोडली, कमी दिवसांचा आठवडा मान्य केला, नव्या गाड्या चालल्या, चीनमध्ये मागणी आली म्हणून. अभिमान वाटायचाच तर या चिकाटीचा वाटावा. बदल्याच्या गोष्टीत हे कामगार कुठेच दिसत नाहीत, दिसतात फक्त दोन मोठी माणसं आणि एक अपमान.

एका ठिकाणी मात्र मी थिअरीवाल्यांना वेड्यात काढणार नाही. कार्लोस घोन, निस्सानचे अध्यक्ष आणि रेनोचे प्रमुख. नोव्हेंबर २०१८ मध्ये पगार लपवल्याच्या आरोपावरून टोकियोच्या विमानतळावर अटक, २०१९ च्या अखेरीस ध्वनियंत्रणेच्या सामानाच्या पेटीत बसून जपानमधून पलायन. त्यांचं म्हणणं, रेनोशी आणखी घट्ट विलीनीकरण होऊ नये म्हणून निस्सानमधल्या लोकांनीच सरकारी वकिलांना हाताशी धरून हे घडवलं. निस्सानमध्ये विलीनीकरणाला विरोध होता ही उघड गोष्ट आहे, तेव्हा रेनोकडे निस्सानचे ४३ टक्के आणि मतं, निस्सानकडे रेनोचे १५ टक्के आणि मत शून्य, ही खदखद जुनीच. आणि २०२२ मध्ये टोकियोच्या कोर्टाने घोन यांचे सहकारी ग्रेग केली यांना बहुतेक आरोपांतून सोडलं, एका वर्षापुरतं दोषी धरलं. पण त्याच निकालात निस्सानलाही पगार लपवल्याबद्दल २० कोटी येन दंड झाला. म्हणजे आतल्या लोकांना घोन नको होते हे खरं असू शकतं आणि पगार लपवला गेला हेही खरंच, एक गोष्ट दुसरीला खोडत नाही. थिअरी नेहमी एकच बाजू निवडायला लावते.

एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही, की बऱ्याच वेळा कंपन्यांना एकमेकांना भेटायचीसुद्धा गरज पडत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला. यात कट नव्हता, बैठका नव्हत्या. प्रत्येक कंपनी आपापल्या गाड्यांचे अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हती, म्हणजे गाडी एकदा घेतली की दुरुस्तीला त्यांच्याच दारात जा आणि ते सांगतील तो भाव द्या. बाहेर एकमेकांशी कट्टर स्पर्धा करणाऱ्या १४ कंपन्या इथे तंतोतंत सारखं वागत होत्या, कारण प्रत्येकीला ते परवडत होतं. हे प्रकरण सुरू कसं झालं, तर एका नागरिकाने २०११ मध्ये तीन कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. आयोगाच्या तपासात बाकीच्या नंतर आल्या. पुढे अपिलं झाली, वर्षं गेली, दंडावरून वाद चालले, ते होणारच होतं. पण आदेश जाहीर आहे, त्यात प्रत्येक कंपनीचं नाव आहे, तिने स्वतःच्या बचावात काय सांगितलं तेही आहे, आणि ते बचाव वाचले की या कंपन्यांच्या वकिलांना अगदी साध्या प्रश्नाचं उत्तर देताना किती कष्ट पडले ते कळतं. प्रश्न एवढाच होता, की विकलेल्या गाडीचा भाग तिच्या मालकाला बाजारात का मिळू नये.